तिलारी खोऱ्यातले हत्ती: राहायचं की जायचं, हे कुणी ठरवलंच नाही

२००२ सालापर्यंत सिंधुदुर्गातल्या शेतकऱ्याला हत्ती माहीत होता तो सर्कशीतला किंवा मखरातला. रानडुक्कर, गवा, माकडं यांच्याशी त्याचा पिढ्यान् पिढ्या झगडा होता आणि त्या झगड्याच्या रीतीही ठरलेल्या होत्या. डुकरासाठी रात्रीची राखण, माकडांसाठी गलोल, गव्यासाठी बत्ती आणि आरडाओरड. त्या वर्षी कर्नाटकातल्या दांडेलीच्या बाजूने निघालेले हत्ती खानापूरच्या जंगलांतून मांगेलीच्या वाटेने दोडामार्ग तालुक्यात उतरले आणि या जुन्या रीतींपैकी एकही त्यांच्यापुढे चालेना. पत्र्याचा डबा वाजवल्यावर डुक्कर पळतं. हत्ती डबा वाजवणाऱ्याकडे वळून बघतो.

त्याला आता दोन दशकांहून जास्त काळ लोटला. त्या वर्षी जन्मलेली मुलं नोकरीला लागली. तिलारीच्या खोऱ्यात हत्तीच्या पिल्लांचा जन्म झाला, म्हणजे दोडामार्ग हेच ज्यांचं जन्मगाव आहे असेही हत्ती आता इथे आहेत. तरीही कागदोपत्री आणि बोलण्यात ते अजून 'कर्नाटकातून आलेले हत्ती'च आहेत. या प्रकरणाची सगळी गाठ मला इथेच दिसते. हत्ती इथे राहणार की जाणार, हा निर्णय कधीच झाला नाही. ते जाणार असं धरून केलेले उपाय फसले आणि ते राहणार असं धरून करायचे उपाय कुणी पुरते हातात घेतले नाहीत. त्याची किंमत माडाच्या बागेवर जगणाऱ्या शे-दोनशे वाड्यांनी मोजली आणि हत्तींनीही मोजली.

ते इथे का थांबले

उत्तर कन्नड जिल्ह्यातले दांडेली-हल्याळ भागातले हत्ती म्हणजे पश्चिम घाटातल्या हत्तींच्या पसाऱ्याचं उत्तरेकडचं टोक. नागरहोळे, बंदीपूर, मुदुमलै, वायनाड हा गाभा दक्षिणेला खूप लांब राहिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या डीएनए-आधारित गणनेत देशात २२,४४६ हत्ती मोजले गेले, त्यांतले ६,०१३ एकट्या कर्नाटकात. उत्तरेच्या या टोकाकडे त्यांतले थोडेच, आणि त्या थोड्यांचं रान गेल्या पन्नास वर्षांत फार कुरतडलं गेलं. काळी नदीवर एकामागून एक धरणं झाली, खाणी आल्या, रस्ते रुंद झाले, जंगलाच्या कडेचा ऊस आणि भात जंगलाच्या पोटात शिरला. हत्तीण आपल्या कळपाला वर्षानुवर्षं ठरलेल्या पाणवठ्यांवरून आणि चरायच्या जागांवरून नेते. त्या साखळीतल्या दोन-तीन कड्या तुटल्या की नवी वाट शोधणं तिला भाग पडतं. हत्ती 'भरकटले' असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा ते शोध घेत असतात.

शोध घेताना त्यांना जे सापडलं ते तिलारीचं खोरं. महाराष्ट्र आणि गोवा यांच्या संयुक्त धरण प्रकल्पासाठी इथली काही गावं उठली आणि पाण्याच्या कडेला माणसांची वर्दळ संपली. उन्हाळ्यात जलाशय उतरतो तेव्हा काठावर ओलसर माती आणि कोवळं गवत उघडं पडतं. उठून गेलेल्या गावांची आंबा-फणसाची जुनी झाडं काही ठिकाणी मागे राहिली. डोंगरउतारावर बांबू आहे, भेरली माड आहे. आणि या सगळ्यापासून तासाभराच्या चालीवर माणसांच्या बागा: नारळ, पोफळी, केळी, काजू, अननस, त्यात मेअखेरपर्यंत फणस, पावसाळ्यानंतर भात आणि पाण्याची सोय असेल तिथे वायंगण, म्हणजे उन्हाळी भात. बारमाही पाणी, निवांत दडण्याची जागा आणि पंगत, असं तिन्ही एकाच खोऱ्यात असताना हत्ती परत का जातील? घाटावर चंदगड-आजऱ्याकडे गेले तर तिथे ऊस उभा. खाली-वर करायला जुन्या घाटवाटा आहेतच.

मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा खातो आणि चोवीस तासांतले सोळा-अठरा तास खाण्यातच घालवतो. जंगलात तेवढं मिळवायला त्याला मैलोन्‌मैल फिरावं लागतं. केळीच्या बागेत तेच काम पुष्कळ कमी वेळात होतं. नर हत्तींना हे गणित कळपातल्या माद्यांपेक्षा लवकर उमजतं. हत्तींचे अभ्यासक रमण सुकुमार यांनी दक्षिण भारतात केलेल्या अभ्यासात प्रौढ नर पिकांवर जास्त वेळा धाड घालतात असं दिसलं. पिल्लं सोबत असलेली हत्तीण धोका टाळते. एकटा नर धोका पत्करतो, कारण चांगल्या अन्नावर त्याचं अंग भरतं आणि अंगावर पुढे माजाच्या काळातली त्याची पत ठरते. पिकात शिरणारा नर म्हणजे बिघडलेला हत्ती, असं समजण्याची चूक तिथेच होते.

एका माडाचा हिशेब

भात गेलं तर एक हंगाम गेला. माड गेला तर काय गेलं, हे शहरातल्या वाचकाला सहसा उमगत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

कोकणात लावतात तो बाणवली माड रोप लावल्यापासून सहा-सात वर्षांनी धरायला लागतो. तोपर्यंत त्याला शिंपणं, आळं करणं, शेणखत, गेंड्या भुंग्यापासून राखणं हे सगळं करायचं, उत्पन्न शून्य. एकदा धरला की मात्र तो साठ-सत्तर वर्षं देतो. आजोबाने लावलेल्या माडावर नातवाचं शिक्षण होतं, हे या भागात अलंकारिक बोलणं नव्हे. हत्ती या माडाला कपाळ लावतो, रेटतो, मुळासकट आडवा करतो आणि शेंड्यातला कोवळा गाभा तेवढा खातो. बाकी सगळं झाड तसंच पडून. एका रात्रीत तो असे किती पाडेल याला धरबंध नसतो. पोफळी तर बारीक, ती वाटेत येते म्हणूनही मोडते. पाण्याची पाइपलाइन, ठिबकच्या नळ्या, शेतमांगर, विहिरीवरचा पंप यांचं नुकसान वेगळं, आणि ते पंचनाम्यात कितपत येईल हे पंचनामा करणाऱ्यावर अवलंबून.

सरकारी भरपाई झाडामागे ठरावीक रक्कम देते. तत्त्व म्हणून ती एका झाडाची किंमत आहे. शेतकऱ्याने गमावलं आहे ते पुढच्या पन्नास वर्षांचं उत्पन्न आणि नवं झाड धरेपर्यंतची सहा-सात रिकामी वर्षं. त्यातही नवं रोप लावावं तर कोवळ्या माडाचा गाभा हत्तीला जास्तच सोपा. त्यामुळे बरेच जण लावायचंच सोडतात. बाग पड राहते, तिच्यात रान माजतं, आणि रान माजलं की हत्तीला घराजवळ दडायला आणखी एक जागा मिळते. या चक्राचा हिशेब कुठल्याही शासन निर्णयात धरलेला नाही.

भरपाईच्या वाटेतला दुसरा अडथळा हत्तीइतकाच जुना आणि अस्सल कोकणी आहे: सामाईक सातबारा. उताऱ्यावर दहा-पंधरा सहहिस्सेदारांची नावं, त्यांतले निम्मे मुंबईला, दोघे वारलेले आणि वारस नोंद झालेली नाही, एक बहीण बेळगावात दिलेली. बाग प्रत्यक्षात एकच भाऊ राखतो. नुकसान त्याचं, रात्री जागतो तो, पण पैसे त्याच्या एकट्याच्या खात्यात यायचे तर इतरांची संमती जोडा. चार केळी मोडल्या म्हणून कोण मुंबईला फोन करत बसणार? म्हणून लहान नुकसानीचे अर्ज होतच नाहीत, आणि अर्ज नाहीत म्हणजे नुकसान नाही, असं कागद सांगतो. वरच्या कार्यालयात बसलेल्या माणसाला दोडामार्गचा त्रास असतो त्याहून कमी दिसतो, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

हाकलणं, पकडणं, खणणं

पहिल्या काही वर्षांत भर होता तो हत्तींना आले त्या वाटेने परत पाठवण्यावर. 'एलिफंट गो बॅक' नावाची मोहीम झाली, बाहेरून जाणकार आले, फटाके, मशाली, हाकारे झाले. हत्ती सीमेपलीकडे गेले आणि परत आले. पलीकडे त्यांच्यासाठी काही बदललेलंच नव्हतं. दोन राज्यांच्या वनखात्यांनी एकमेकांच्या हद्दीत हत्ती ढकलायचे आणि दोघांनीही आपापल्या वहीत मोहीम यशस्वी लिहायची, अशा कामातून हत्ती एकच गोष्ट शिकतो: फटाक्याने आवाज होतो, इजा होत नाही. तरबेज झालेल्या हत्तीवर पुढे तोच फटाका निष्प्रभ ठरतो आणि माणूस त्याहून जवळ जाऊन तो फोडू लागतो. माणसं मरतात ती पुष्कळदा या जवळीकीत.

यादरम्यान हत्ती कुडाळ तालुक्यातल्या माणगाव खोऱ्यापर्यंत पसरले होते. तिथे माणसं दगावली, लोकांचा संताप टोकाला गेला आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये कर्नाटकातून प्रशिक्षित कुमकी हत्ती व पथक आणून तीन हत्ती पकडले गेले. आंबेरीच्या छावणीत लाकडी क्रालमध्ये, म्हणजे ओंडक्यांच्या कोंडवाड्यात, त्यांना ठेवलं. त्या तिघांपैकी दोघे छावणीतच मेले. माणगाव खोऱ्यातल्या लोकांना त्या मोहिमेने खरोखरच मोकळा श्वास घेता आला, हे नाकारून चालणार नाही. ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला हत्तीच्या मरणाचं दुःख करायला सांगणं मला जमणार नाही. पण पकडण्याच्या उपायाची खरी किंमत त्या छावणीत दिसली. रानातला वाढलेला हत्ती पकडणं ही कामाची सुरुवात असते. त्याला पुढे तीस-चाळीस वर्षं पोसणारे माहूत, पशुवैद्य, चारा, जागा ही परंपरा कर्नाटक आणि तमिळनाडूत आहे, आपल्याकडे गडचिरोलीचं कमलापूर सोडलं तर जवळपास नाही. आणि माणगाव मोकळं झालं तरी तिलारीतले हत्ती होते तिथेच होते.

मग खंदक आले. हत्ती उडी मारत नाही, त्यामुळे खोल आणि उभ्या काठांचा खंदक त्याला अडवतो, हे कोरड्या मुलखात खरं आहे. दोडामार्गात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. पहिल्याच आषाढात काठ ढासळतात, गाळ भरतो, ओहोळ वाट काढतो, आणि हत्ती पायाने माती लोटून उतार करून घेतो. सौर कुंपण चांगलं, पण तारेखालचं गवत दर पंधरवड्याला कापलं तरच त्यात करंट राहतो, आणि कोकणात जुलैत गवत कसं वाढतं ते सांगायला नको. शिवाय हत्ती लाकडाचा ओंडका तारेवर टाकून जातो. मिरचीची धुरी, मधमाशांच्या पेट्या, भोंगे, प्रखर दिवे, सगळं थोडं थोडं झालं. यांतलं काहीच खोटं नाही. प्रत्येक गोष्ट चालते, फक्त तिच्यामागे रोज उठून तिची निगा राखणारा माणूस पगारावर हवा. आपल्याकडे कुंपणाला निधी येतो, कुंपणाच्या निगेला येत नाही. हंगामी मजुरीवर नेमलेले हाकारी आणि वनरक्षक पावसात, एका विजेरीवर, हत्तीच्या मागे रात्र काढतात. त्यांच्या धैर्याबद्दल मला आदर आहे. त्या धैर्यावर सगळी व्यवस्था टेकवून ठेवलेली आहे, हे मात्र योग्य नाही.

काजूचा हंगाम आणि पहाटेची वेळ

एप्रिल २०२५ मध्ये मोर्ले गावात काजूच्या बागेत गेलेल्या एका ज्येष्ठ शेतकऱ्याचा हत्तीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. गावकरी रस्त्यावर आले, हत्ती पकडा ही मागणी पुन्हा जोरात उठली. राज्य सरकार अशा मृत्यूबद्दल वारसांना २५ लाख रुपये देतं. पूर्वीच्या मानाने ही रक्कम बरीच वाढली आहे. पण या घटनेत धोरण ठरवणाऱ्यांनी बघायला हवी ती गोष्ट वेगळीच आहे: महिना आणि वेळ.

फेब्रुवारी ते मे हा काजूचा हंगाम. बोंडू रात्रभर खाली पडतात आणि सकाळी लवकर जाऊन बिया वेचाव्या लागतात. उशीर केला तर माकडं, साळिंदर आणि चोर. म्हणजे फटफटायच्या सुमाराला माणूस एकटा, वाकून, खाली बघत, पालापाचोळ्यात हात घालून काम करत असतो. नेमका तोच वेळ रात्रभर बागांत चरलेला हत्ती जंगलाकडे परतण्याचा. काजूची बाग म्हणजे दाट, खाली झुकलेल्या फांद्यांची. पंधरा-वीस पावलांवर उभा असलेला हत्ती तिच्यात दिसत नाही, आणि हत्ती उभा राहिला की आवाज करत नाही. दोघांनाही एकमेकांचा पत्ता लागतो तेव्हा अंतर संपलेलं असतं. हल्ला म्हणून आपण ज्याची बातमी वाचतो तो बहुतेक वेळा असा गाठभेटीचा अपघात असतो.

याच्यासारखीच दुसरी वेळ संध्याकाळची. दोडामार्गातली पोरं कामाला गोव्यात जातात, म्हापसा-डिचोलीकडून मोटारसायकलने रात्री भेडशी, कोनाळ, मेढ्याच्या रस्त्याला लागतात. आजारी माणसाला गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्यायचं तेही याच रस्त्याने. वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "हत्ती इले" एवढा निरोप पडतो, पण कुठल्या वळणावर, कुठल्या बाजूला निघालेत, किती आहेत, हे त्यात नसतं, आणि आजोबांकडे व्हॉट्सअॅप नसतं.

तमिळनाडूत अनमलै डोंगरात वालपराईचं पठार आहे, साधारण २२० चौरस किलोमीटरचं. चहाचे मळे, मधे जंगलाचे तुकडे, मजुरांच्या वसाहती आणि त्यांतून फिरणारे हत्ती. तिथे नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या आनंद कुमार आणि सहकाऱ्यांनी आधी माणसं कशी मेली ते नीट पाहिलं. बहुतेकांना हत्ती जवळ आहे हे माहीतच नव्हतं. म्हणून त्यांनी हत्ती रोज कुठे आहेत याची माहिती संध्याकाळी लोकांच्या मोबाइलवर साध्या एसएमएसने, स्थानिक केबल टीव्हीच्या पट्टीवर आणि मोक्याच्या जागी लावलेल्या लाल दिव्यांनी पोचवायला सुरुवात केली. दिवा गावातलाच माणूस फोन करून लावतो. तिथले मृत्यू लक्षणीय घटले, आणि या कामाला २०१५ मध्ये निसर्ग-संवर्धनासाठी दिला जाणारा व्हिटली पुरस्कार मिळाला. यात महागडं काही नव्हतं. रोज हत्ती शोधून ठेवणारी माणसं आणि त्यांच्यावर गावाचा विश्वास, एवढंच भांडवल.

वालपराई जशीच्या तशी उचलून दोडामार्गात लावता येणार नाही. चहा हत्ती खात नाही, तिथला मजूर पीक वाचवायला रात्री बाहेर पडत नाही, आणि मळ्याचा मालक तो नव्हे. दोडामार्गचा शेतकरी हत्ती आल्याचा निरोप मिळाल्यावर घरात बसणार नाही, तो बत्ती घेऊन बागेकडेच धावेल. म्हणजे पूर्वसूचनेने जीव वाचायचा असेल तर माड गेल्यावर त्याचे पुरते पैसे मिळतील याची खात्री आधी लागते. सूचना आणि भरपाई हे दोन वेगळ्या टेबलांवरचे विषय समजले की दोन्ही फसतात. भरपाईची खात्री असलेला माणूस दार लावून घेतो. खात्री नसलेला अंधारात जातो.

राखीव क्षेत्र आणि त्याच्या बाहेरचं रान

जून २०२० मध्ये तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं, २९.५३ चौरस किलोमीटरचं. गोव्याचं म्हादई आणि कर्नाटकातलं भीमगड या दोन अभयारण्यांना जोडणारा हा दुवा आहे आणि त्याला संरक्षण मिळालं हे चांगलंच झालं. लोकांचे हक्क काढून घेणारा हा दर्जा नाही, तरी 'राखीव' हा शब्द ऐकूनच गावांत धास्ती पसरली. आधी धरणाने जमीन घेतलेल्या मुलखात ती पसरणारच.

पण २९.५३ चौरस किलोमीटर म्हणजे साडेपाच किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद तुकडा. हत्ती हे अंतर एका रात्रीत सहज पार करतो. त्याला शेकडो चौरस किलोमीटर लागतात, आणि राखीव क्षेत्राच्या बाहेरचं पुष्कळसं रान खासगी मालकीचं आहे. त्यातलं बरंच गेल्या वीस वर्षांत विकलं गेलं, डोंगरच्या डोंगर सपाट होऊन त्यावर रबर आणि अननस उभे राहिले. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातली झाडतोड रोखण्याचा आदेश उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला, आणि मार्च २०२४ मध्ये इथली २५ गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करण्याची प्रक्रिया चार महिन्यांत संपवायला सांगितली. न्यायालयाला दोन वेळा सांगावं लागतं यातच जमिनीवर काय चाललं आहे ते कळतं. बांबू आणि भेरली माडाच्या जागी रबर आलं की हत्तीला खायला उरतं ते माणसाच्या परसात. रबर लावणारा बहुधा दूर राहतो. हत्ती येतो तो शेजारच्या, पिढीजात राहणाऱ्या माणसाच्या दारात.

ओंकार

इथल्या हत्तींना लोकांनी नावं दिली आहेत. ज्याच्यावर राग आहे त्यालाही नाव आहे. ओंकार हा त्यांतला तरुण नर. नर वयात आला की हत्तिणीचा कळप त्याला दूर सारतो, आणि पुढची काही वर्षं तो एकटा हिंडून मुलूख धुंडाळतो. दक्षिणेत अशा वेळी तो दुसऱ्या नरांच्या मागे राहून शिकतो. तिलारीत हत्तीच इतके थोडे की शिकवायला फारसं कुणी नाही.

मोर्लेच्या घटनेनंतर ओंकारला पकडण्याच्या हालचाली सुरू झाल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये तो उतरून गोव्यात पेडणे तालुक्यात गेला, मोपाच्या परिसरातल्या भातशेतीत फिरला. काही दिवस गोव्याच्या वर्तमानपत्रांनी तो आपल्याकडून कधी जातो याची वाट पाहिली. मग तो परत सिंधुदुर्गात, बांद्याच्या बाजूला आला. त्याच्यामागे मोबाइल घेऊन धावणारी गर्दी, फटाके, नदीत उतरलेल्या हत्तीला त्रास देणाऱ्या चित्रफिती, हे सगळं त्या महिन्यांत झालं. त्याला पकडावं का आणि पकडून कुठे ठेवावं, हा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचपुढे गेला.

माझं मत स्पष्ट आहे. एखादा विशिष्ट हत्ती वस्तीत वारंवार येऊन माणसांच्या जिवाला धोका होत असेल तर त्याला हलवण्याची तरतूद वन्यजीव कायद्याच्या कलम ११ मध्ये आहे, आणि ती वापरण्याला माझा तत्त्वतः विरोध नाही. पण एक हत्ती नेल्याने दोडामार्गचा प्रश्न सुटतो असं सांगणं ही लोकांची फसवणूक आहे. उद्या दुसरं पिल्लू वयात येईल, तेही कळपातून बाहेर पडेल, त्यालाही हीच वाट आणि हेच माड दिसतील. कर्नाटकात उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून नेमलेल्या हत्ती कृती दलाने २०१२ मध्ये राज्याचे तीन प्रकारचे पट्टे सुचवले होते: हत्तींसाठी राखायचे, माणूस आणि हत्ती दोघांनी मिळून राहायचे आणि जिथून हत्ती हलवायचेच असे. त्या शिफारशींवर वाद घालता येईल, पण निदान कुणीतरी नकाशा पुढे ठेवून सांगितलं की इथे हे, तिथे ते. सिंधुदुर्गाचा असा नकाशा लोकांपुढे कधी आलेला नाही. पेडणे आणि बांदा यांसारखा सपाट, दाट वस्तीचा भाग हत्तींसाठी नाहीच, हे खुशाल जाहीर करावं. तिलारी, घाटमाथा आणि भीमगडची बाजू हत्तींची आहे, हेही तितक्याच खुलेपणाने सांगावं आणि मग त्या पट्ट्यातल्या गावांना त्याचा मोबदला द्यावा.

तो मोबदला कसा असावा, याची उत्तरं गावांत फिरलं की मिळतात. माडाची भरपाई एकदाच न देता नवं झाड धरेपर्यंत वर्षाला ठरावीक रक्कम द्यावी. सामाईक सातबारा असेल तिथे बाग प्रत्यक्ष राखणाऱ्याला, ग्रामपंचायत आणि तलाठ्याच्या दाखल्यावर, सहहिस्सेदारांच्या संमतीशिवाय भरपाई मिळावी. जमिनीची मालकी यात बदलत नाही, मग अडवायचं कशाला? जंगली प्राण्यांमुळे होणारं नुकसान पीक विम्यात घेण्याचा निर्णय केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये खरीप २०२६ साठी जाहीर केला. त्याचा फायदा पोचायचा असेल तर वेळेत तक्रार नोंदवून फोटो चढवून देणारा माणूस गावात बसलेला हवा. कळपातल्या मोठ्या हत्तिणीच्या गळ्यात रेडिओ कॉलर घालून संध्याकाळी सहाला ती कुठे आहे हे तिलारीकाठच्या प्रत्येक घरात साध्या फोनवर मराठीतून कळावं. काजूच्या चार महिन्यांत पहाटे बागेत जाण्याआधी हाकाऱ्याने बाग पाहून 'मोकळी' सांगावी, त्यासाठी हाकारी बारमाही पगारावर, विम्यासह असावेत. आणि कोल्हापूर, सिंधुदुर्ग, बेळगाव आणि गोवा इथल्या वनाधिकाऱ्यांचा एकच कायमचा गट हवा, ज्याच्याकडे हत्ती कुणाच्या हद्दीत आहे याचा वाद न होता एकाच फोन क्रमांकावर तक्रार जाईल.

यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही. सहहिस्सेदारांच्या संमतीची अट शिथिल करायला महसूल आणि वन या दोन खात्यांचा एक शासन निर्णय पुरेल, आणि तो पुढचा काजू हंगाम सुरू व्हायच्या आत, म्हणजे फेब्रुवारीपूर्वी, निघायला हवा.